आईच्या पिशवीतल्या दोन बाटल्या

ताइनान, ११ नोव्हेंबर

प्रिय बो-रेनदादा,

सिंचूला आता वारा सुटला असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? छोटीची पोहण्याची स्पर्धा झाली का? आम्ही इथे ठीक आहोत. आईचं ब्लडप्रेशर औषधाने ताब्यात आहे. माझंही होतं, परवा तुझा फोन येईपर्यंत.

तू म्हणशील, मोबाइल असताना ही कागदाची थेरं कशाला? फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि मेसेज घरच्या ग्रुपवर पडला की सगळ्या मावश्या अंगठे दाखवत धावून येतात. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. एकट्याने वाच.

रविवारी तू आईला न्यायला येणार. त्या वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही होणार, आणि महिनाअखेर तिची माशांच्या पेजेची टपरी बंद. आई यावर चकार शब्द काढत नाही. पहाटे उठते, मासे साफ करते, तांदूळ शिजत टाकते. आज सकाळी पोस्टातले वांगसाहेब तिला म्हणाले, "काकू, ऐकलं ते खरं का? मग आम्ही कुठे खायचं?" तर म्हणाली, "घरी बायकोच्या हातचं खा. तिलाही कळू दे तू किती चुका काढतोस ते." तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या घशात काटा जाऊ दिला नाही तिने. अशा बाईचं डोकं चालेनासं झालं, असं आपण ठरवून मोकळे झालो.

आपण म्हणजे तू नाहीस. तेच सांगायला बसले आहे, आणि मघापासून वहिनींच्या गुडघ्याभोवती घुटमळते आहे.

कोरियाच्या सहलीनंतर बुसानहून परतताना विमानतळावर जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळलं. आईच्या पिशवीत ई-सिगारेट आणि निकोटिनच्या लिक्विडच्या दोन बाटल्या सापडल्या, आणि कुठून आल्या हे तिला धड सांगता येईना. हॉटेलात कुणाचं तरी सामान चुकून उचललं असेल, असं मी तुला म्हणाले. तू लगेच विश्वास ठेवलास. चूक तुझी नाही. आयुष्यात सिगारेटच्या धुराकडेही तोंड करून न बसलेली अडुसष्ट वर्षांची बाई कस्टमच्या माणसाला "हे माझंच आहे" म्हणते, म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?

दादा, ते माझं होतं.

बाबांनी शेवटच्या महिन्यात ऑक्सिजनची नळी बाजूला करून माझा हात धरला होता, आठवतं? तू खिडकीपाशी होतास. "मी ओढली, मला भोवलं. तू ओढणार नाहीस म्हण." नाही ओढणार, मी म्हणाले. आणि सिगारेटला खरोखरच पुन्हा हात लावला नाही. सहा महिन्यांनी शाळेत एका पोराच्या दप्तरातून संत्र्याच्या वासाची ती वाफेची नळी मी जप्त केली, आणि टेबलाच्या खणात ठेवता ठेवता एकदा ओढून पाहिली. मनाशी म्हटलं, ही काही सिगारेट नव्हे. मेलेल्या माणसाला असं कायद्याच्या भाषेत फसवणं किती सोपं असतं! दोन वर्षं झाली. पोरांची दप्तरं तपासायची आणि मग शाळेच्या मागच्या जिन्यात जाऊन आपण ओढायची, अशी मी मास्तरीण.

आपल्या तैवानात बंदी, म्हणून लपूनछपून मिळेल ते घ्यावं लागतं. बुसानला हॉटेलच्या गल्लीतच दुकान होतं, उघड्यावर, काचेच्या कपाटात रांगेने बाटल्या. दोन घेतल्या, नवी नळी घेतली. निघायच्या दिवशी भीती वाटायला लागली. माझी बॅग उघडली तर? शाळेला कळलं तर? आई तेव्हा समुद्राकाठच्या देवळात देवापुढे होती आणि तिची पिशवी घेऊन मी मागे बाकावर बसले होते. म्हाताऱ्या बाईची पिशवी कोण उघडतंय, असं म्हणून मी ते सगळं तिच्या औषधांच्या डबीखाली, डोकेदुखीच्या हिरव्या तेलाच्या बाटलीशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवलं. घरी पोचल्यावर तिच्या नकळत काढून घेणार होते.

कुणी उघडलीही नसती. पण आई ती आई. देवापुढे तिने तीन नाशपाती ठेवल्या होत्या, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे नमस्कार झाल्यावर उचलून घेतल्या. तिथल्या बायका डोळे वटारून बघत राहिल्या. मी म्हटलं, "आई, इथे परत घेत नाहीत गं." ती म्हणाली, "देवाने वास घेतला, झालं त्याचं. आता फळ माणसांचं. बो-रेनच्या छोटीला एक द्यायचंय, परीक्षा आहे तिची." विमानात चढण्याआधी मी दोनदा सांगितलं की फळं आणता येत नाहीत, खाऊन टाकू. देवाचा प्रसाद आहे, त्याला कोण अडवतंय, असं तिचं म्हणणं. सामान येतं तिथे तपासणीचं ते छोटं तपकिरी कुत्रं हुंगत हुंगत आलं आणि आईच्या पिशवीपुढे शहाण्यासारखं बसलं. आई त्याला म्हणाली, "काय रे, भूक लागली?"

नाशपाती निघाल्या. मग तो तरुण अधिकारी म्हणाला, "आजी, जरा सगळं बघू दे हं." आणि रुमाल निघाला.

आईने बाटल्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. एकदाच. दादा, ती नजर मला मरेपर्यंत पुरेल. रागाची नव्हती, तीच तर पंचाईत आहे. ताप बघताना बघायची तसं पाहिलं तिने.

"हे कुणाचं आहे, आजी?"

"माझंच. वय झालं म्हणून हौस करू नये की काय?"

"कसं वापरतात ठाऊक आहे का?"

"न ठाऊक असायला काय झालं? तोंडात धरायचं." तिने ती नळी उचलली आणि उलट्या बाजूने ओठांशी नेली.

तो हसला नाही. भला होता. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, आजींना हल्ली काही... विसरायला वगैरे होतं का?"

मी शिक्षिका आहे. रोज चाळीस पोरांना "खरं बोल, कुणी खाणार नाही तुला" असं सांगते. आणि मी म्हणाले, "हो. होतं थोडं." आई ऐकत होती. तिने मान खाली घातली आणि ती बावळटासारखं हसली, माझं म्हणणं खरं वाटावं म्हणून.

आईला विसरायला होतं, ही थाप तिथे जन्मली. आधी माझ्या तोंडी, मग त्याच्या कागदावर, मग तुझ्या डोक्यात.

पुढचं तुझ्यासमोर घडलं. मागच्या महिन्यात तू बाबांच्या तसबिरीपुढे कौल लावलास. आईची शुद्ध राहिलेली नाही, तिला माझ्याजवळच्या आश्रमात नेऊ का, असं विचारलंस. लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी तीनदा टाकल्यास, तिन्ही वेळा एक उताणी पडली, एक पालथी, म्हणजे होकार. हो, हो, हो. आई म्हणाली, "ते हो म्हणाले, मग मी कोण नाही म्हणणारी." मी मागे उभी राहून उदबत्त्या धरल्या होत्या. कौल चुकला असं मी म्हणत नाही. पण बाबांना आपण खोटं सांगून विचारलं, आणि शुद्ध गेलेल्या बायकोबद्दल कुठलाही नवरा हेच म्हणाला असता.

आता गुरुवारचं ऐक. स्मरणशक्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी दिलेला आकडा तेवढा तुला कळवला होता. ते विचारत होते आणि मी शेजारी बसले होते. आज वार कोणता? आई म्हणाली, रविवार. ऋतू कोणता? उन्हाळा. शंभरातून सात वजा करा. "शंभर कशाचे?" असं म्हणून तिने भाबडा चेहरा केला. आधी ऐकवलेल्या पाच शब्दांतला एकच तिला "आठवला". डॉक्टरांनी मान हलवली, मी पर्स उघडून रुमाल शोधत राहिले.

बाहेर स्कूटर काढताना मागे बसत ती म्हणाली, "गुरुवार. सहा तारीख. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. आणि ते पाच शब्द, छत्री, पूल, मुळा, घड्याळ, काकडी. चल आता, मासे आणायचेत."

मी स्कूटर बंद केली. म्हटलं, आई, असं का करतेस? मी दादाला सांगते सगळं.

"गप बस. म्हातारी खुळी झाली म्हटलं तर लोक दोन दिवस चुकचुकतात आणि विसरतात. पोरीने मरणाऱ्या बापाला फसवलं हे कुणी विसरेल का? तुझा भाऊ विसरेल? एकदा अढी बसली की तो आयुष्यभर बोलत नाही, बापावरच गेलाय. मी आहे तोवर तुम्ही दोघं बोलत राहा. मी काय, तिथेही पेज करीन."

"तिथे चूल नसते, आई."

माझ्या जॅकेटची कड तिने घट्ट धरली, एवढंच.

आज सकाळी मी, कस्टमने प्रकरण जिथे पाठवलं त्या आरोग्य खात्याच्या कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. बाटल्या माझ्या, नळी माझी, आई निर्दोष. दुपारी मुख्याध्यापिकांना सांगितलं. नोकरीचं काय होईल ते पुढच्या आठवड्यात कळेल. आणि मी सोडली आहे असं लिहिणार होते, पण तेही खोटं ठरेल. आज तिसरा दिवस आहे, बोटं वळवळतात, अक्षर बघच.

मला क्षमा करू नकोस, घाई नाही. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस, मी ते सोसेन. पण त्या कागदांवर सही करू नकोस. आणि आईला काही विचारू नकोस. विचारलंस तर ती पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलेल, आणि या खेपेला तुझी खात्री पटेल इतक्या सफाईने बोलेल. विचारायचं ते मला विचार.

जिने शहाण्या आईला खुळी ठरवलं, ती तुझी धाकटी बहीण,
युए-निंग