आयुषच्या विहिरीले तेल लागलं

ती. साक्षीताईस,

राजदीपचा वाळवंटातून जय भीम. बाबाचे गुडघे, तुह्या शाळेतली पोरं आणि आपल्या लहान्या मोनालीच्या लग्नाची खरेदी, सगळ्यायची तब्येत बरी आहे असं धरून चालतो. (चिठ्ठी इथी माह्यासंग कामाले असलेल्या लोकेशच्या हाती देऊन राह्यलो, तो पोंभुर्ण्याले सुट्टीवर येते.)

इथी तब्येत खराब होती फक्त विहिरीची. तेलाची विहीर, पण देते थेंब-थेंब. खालचा दगड चुनखडीचा, गडचांदूरकडं सिमेंटसाठी खोदतात तसाच. तेल त्याच्या पोटात आहे, पण दगड एवढा घट्ट का सोडतच नाई. त्यावर इलाज म्हणजे आत ऍसिड घालायचं. ते दगड खाते, वाटा पडतात, तेल येते. आमचं पहिलं ऍसिड तोंडापाशीच पोटभर खाऊन थांबलं, लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखं. मंग सायबानं जाड ऍसिड मागवलं (ते सावकाश खाते म्हणून दूर जाते) आणि जोरानं दाबून दगडालेच चिरा पाडायचं ठरवलं. विहीर वाहिली तर सगळ्यायले सुट्टी, असं कबूल केलं. सगळ्यात खूश आपल्या मोनालीचा होणारा नवरा आयुष. त्यानं घरी आलापल्लीले न्यायची बॅग त्याच दिवशी भरली.

पंप सुरू झाले. दाबाचा काटा चढत गेला तसा सायेब डोळे मिटून काईतरी पुटपुटू लागला. तेवढ्यात वरच्या पाईपाचा एक जोड सुटला, फवारा उडाला आणि आम्ही बकऱ्यायसारखे चारीकडं पांगलो. एकट्या आयुषनं जागेवर थांबून व्हॉल्व बंद केला. जोड बदलून काम पुरं झालं, आणि विहीर अशी वाहिली का सायबानं पेढे नाईत म्हणून खजूर वाटले, विहिरीसोबत फोटो काढला (विहीर अर्धीच आली, सायेब पूर्ण). सुट्टी मंजूर.

तुहा भाऊ,
राजदीप

ता.क. तो ऍसिडचा फवारा आयुषच्या तोंडावर आला. घामानं वाफ धरली म्हणून त्यानं कामावरचा जाड चष्मा कपाळावर चढवला होता. डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड तेवढा समजते. फोन केला असता तर माह्या आवाजावरून तू ओळखलं असतं, आणि मोनाली तवा तुह्या बाजूलेच बसून राह्यते, म्हणून चिठ्ठी.

आणखी एक. तो म्हणते, "मोनालीले मोकळं करा म्हणून लिही." लिहिलं. पण ताई, तू तिले एकटीले बसवून सगळं सांग आणि तिलेच विचार. आई-बाबाले आधी नको. तिचं काईही ठरो, फोन तिनंच करावा. घंटी वाजली का आयुष उठून बसते, आणि कोणाचा आहे म्हणून मले विचारते.