वॉल्टरचं ताट

२ जानेवारी, शुक्रवार. अबुधाबी

आज ताटावरून पुन्हा झालं! संजयच्या ऑफिसातले दोघे जेवायला. खुर्च्या सहा, माणसं सहा – आणि सातवं वॉल्टरचं ताट. शेवटी मी माझं ताट मांडीवर घेतलं. सूनबाई, सुजाता, बिचारी ओशाळली. पाहुणे गेल्यावर संजय म्हणाला, "बाबा, तो असता तर पंचाण्णव वर्षांचा असता. आता खलास करू या."

५ जानेवारी

दिवसभर हाना काकूच डोळ्यांसमोर. व्हिएन्नात आम्हा ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनामंदिरं जाळली, तेव्हा त्या आणि त्यांचा भाऊ, दोघांनी मुंबईची बोट धरायची असं ठरलं. ऐन वेळी धाकट्या, आठ वर्षांच्या वॉल्टरला गोवर. आई म्हणाली, तू हो पुढे, तो पुढच्या बोटीने येईल. मग लढाई. नाझींनी आईला आणि त्याला गाडीत घालून कुठे नेलं, कधीच कळलं नाही.

काकांशी लग्न करून त्या अलिबागेत आल्या. मराठी शिकल्या त्या माझ्या पुस्तकातल्या कवितांवर! मी ओटीवर बसून चालीत म्हणायचो, त्या मागून. मग कोळणीशी बांगड्यांची घासाघीससुद्धा चालीत – अख्खी आळी हसायची. अजून कुठलीही कविता आठवली की त्यांच्याच आवाजात आठवते.

दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागले की एक ताट जास्त. त्यातल्या कालवणावर त्या वरून नारळाचं दूध ओतायच्या. त्याच वाटीत, आमच्या नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. भावासाठी कद्दिश, मेलेल्यामागची प्रार्थना, त्यांनी कधी म्हणू दिली नाही. म्हणायच्या, "आला तर?"

जाताना ताट माझ्यावर सोपवून गेल्या.

९ जानेवारी, शुक्रवार

संजय आज शेजारी येऊन बसला. म्हणाला, सादियात बेटावरच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनामंदिरात, आता लागतात तेवढे दहा पुरुष जमतात, कद्दिश म्हणता येते. अठरा तारखेच्या रविवारी वॉल्टरसाठी म्हणू. मग ताट बंद. रागाने नाही बोलला. पाठीवर हात होता त्याचा.

हो म्हणालो. खरंच – पोराला किती वर्षं दारात उभं ठेवायचं?

१३ जानेवारी

कद्दिश तोंडपाठ आहे. तरी म्हणून पाहताना दुसऱ्याच ओळीला अडलो. कविता म्हणताना असा कधी अडलो नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

शेवटचं ताट मांडायला उठलो, तर नातीने, अस्मीने, आधीच मांडलेलं. वाटी घेऊन आत गेली, कालवणावर नारळाचं दूध ओतून आली. मी तिला कधी सांगितलं नव्हतं!

हे कशाला, संजयने विचारलं.

"डॅडी, ही इज ओन्ली एट. तिखट लागेल ना त्याला."

संजय उठला, सोफ्यावरची उशी आणली आणि त्या खुर्चीवर ठेवली – टेबलाला हात पुरावा म्हणून.