एक थांबा आधी

विलो क्रॉसिंग, विस्कॉन्सिन
नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ट्रॉय,

तू फोन बाळगत नाहीस, आणि तुझ्या मालकिणीकडे निरोप ठेवला तर मेंढरांच्या गडबडीत तो विसरला जातो, म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही, ठाऊक आहे. तरी या वेळी नेट लावून शेवटपर्यंत वाच. आई बरी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर चार ओळी वाचून तू उगाच काळजी करायचास. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू येणार, या एका गोष्टीवर ती सध्या चालते-बोलते. टर्की सांगून झाली, क्रॅनबेरीचा मुरांबा तीनदा चाखून झाला. काल तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात घातल्या. ऊन कसलं, नुसता उजेड होता. मी म्हटलं, "आई, गारठतील गं." तर म्हणाली, "गारठू दे. वर्षभर कुणी झोपलंय का त्यांच्यावर?"

तू का गेलास, ते तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, मोंटानात पगार बरा म्हणून. तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं नाही. गेल्या वर्षी हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर होता. तू बॅक्स्टरच्या दुकानात रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती रचत होतास, आणि पोलिसांची ती नवी गाडी पहिल्यांदा मेन स्ट्रीटवरून गेली. नवी म्हणजे लष्कराने वापरून टाकलेली. तू इराकमध्ये चालवायचास तीच जात, तेच इंजिन. सगळं दुकान काचेला नाक लावून बघत होतं. मी वळले तर तू पोत्यांच्या मागे, हात डोक्यावर. तो आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत मी तुझ्या शेजारी फरशीवर बसले होते. कुणी पाहिलं नाही, ट्रॉय. पण तेव्हापासून तो आवाज लांबून आला की मीही हातातलं काम टाकते.

तू गेल्यावर मी गावसभेत उभी राहिले होते. वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी बाई पोलिसखात्याबद्दल बोलते म्हणजे करमणूकच. मी विचारलं, अग्निशमन दलाच्या होडीचं इंजिन किती वर्षं बंद आहे? पोहण्याचा तलाव का भरत नाही? दर वेळी उत्तर एकच, पैसे नाहीत. मग पाच पोलिसांच्या गावाला सुरुंगातून वाचणारी गाडी कशाला? हाल्वर्सन उठला. तू त्याला ओळखतोसच, पोलीसप्रमुख झाला तरी माझ्यासाठी तो शाळेत माझ्या वह्या उतरवणारा ग्रेगच. म्हणाला, "अगं जो, होडीला वॉशिंग्टनचं सरकार एक डॉलर देत नाही. ही फुकट देतंय. हेल्मेटं फुकट, रायफली फुकट. मी नको म्हटलं तर पलीकडच्या गावाला जाईल." त्यावर म्हातारा बॅक्स्टर मागून ओरडला, "धर्माची गाय आणि दात का गं नाय! बस खाली, जोलीन." सगळे हसले. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते. मला तर भीक नको पण कुत्रं आवर असं झालं होतं.

पण त्या सभेत एक गोष्ट हाती लागली. फुकटच्या गाडीला एक अट होती. वर्षाच्या आत ती खऱ्या कामाला वापरली पाहिजे, नाहीतर परत. ट्रॉय, आपल्या गावात कसलं आलंय खरं काम? शुक्रवारी मासे खाऊन जास्त बिअर प्यायलेल्यांना पोलिसांतला केनी घरी सोडतो, एवढाच आपला गुन्हेगारी इतिहास. तोही आता छातीवर चिलखत बांधून पार्किंगच्या पावत्या फाडतो. परवा मिसेस ओल्सन त्याला म्हणाल्या, "केनी, बाळा, कुणी मारायला उठलंय का तुला?" बिचारा लाल झाला. म्हणाला, "मिळालंय, तर घालावं लागतं." मी महिने मोजत राहिले. एकदा त्यांना संधी मिळाली होती. श्मिटचा थोरला पोटगी चुकवून शेतघरात दडला होता, त्याला आणायला गाडी निघाली. पण ती शेताच्या वाटेवरच चिखलात रुतली, आणि शेवटी श्मिटनेच ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली. मग स्वतःच तिच्यात बसून गेला पोरगा. असला पराक्रम वर कळवायचा कसा? मी आठवडाभर खुशीत होते. आणि सप्टेंबरात तुला लिहिलं की आता जाते ती, हिवाळ्याच्या आधी जाते, तू खुशाल तिकीट काढ. तू काढलंस.

मग ऑक्टोबरात नदी चढली. एवढी चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मी पुलापलीकडे कामावर होते आणि पूल बंद झाला. आपलं घर सखल भागात, आई एकटी. शेजारी हाका मारून गेले तर म्हणे, "मांजर सापडलं की येते." मांजर पोटमाळ्यावर आरामात होतं. आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी राहून मला फोन करते, "जो, पाणी चुलीला लागलं गं. पण तू धावत येऊ नकोस, पडशील." मी अग्निशमन दलाला फोन केला. होडी गोदामात, इंजिन उघडं. मी हाल्वर्सनला फोन केला. दुसरं काय करणार होते? आणि मग ते इंजिन मला पुलाच्या घराकडच्या बाजूने ऐकू आलं. त्या दिवशी मी काठावर उभं राहून, ये रे बाबा, लवकर ये, असं त्याच आवाजाला म्हणत होते. ती उंच चाकं पाण्यातून सरळ आपल्या ओसरीपर्यंत गेली. हाल्वर्सनने आईला पोरासारखं उचलून आत ठेवलं, स्वतःचा कोट तिला घातला आणि मांजरासाठी परत पाण्यात उतरला. ट्रॉय, मी त्याला शिव्या कुठल्या तोंडाने देऊ?

अट पूर्ण झाली. जीव वाचवला, यापेक्षा खरं काम कोणतं? गाडी आता कायमची आपली. गावाच्या वर्तमानपत्रात आईचा फोटो आला, कोट घातलेला, मांजर काखेत, हात हलवत गाडीतून उतरताना. पुढच्या सभेत सगळे माझ्याकडे बघत होते, कुणी टोमणाही मारला नाही, आणि ते जास्त लागलं. होडीचं इंजिन वेळेवर दुरुस्त झालं असतं तर तिला होडीने आणलं असतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण आई समोर बसून चर्चच्या बायकांना सांगत होती, "आत काय भक्कम आहे म्हणून सांगू! माझा ट्रॉय असल्याच गाडीत होता, म्हणून तर मला परत मिळाला." ती त्या गाडीला आता ट्रॉयची गाडी म्हणते. केनीसुद्धा म्हणायला लागलाय. मी तुला दिलेला शब्द पाळला. तो पाळावा की मोडावा, हे मला आजही कळत नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, सगळ्या गावाची. पुढच्या आठवड्यात, बुधवारी तुझी बस येईल तेव्हा थांब्यावर शाळेचा बँड असणार आहे. मिसेस ओल्सन कागदी झेंडे कापताहेत. आणि तुला घरी न्यायला ती गाडी येणार आहे, इंजिन चालू ठेवून, पुढच्या सीटवर आई. ही कल्पना तिचीच. हाल्वर्सनने होकार देताना डोळे पुसले. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "ग्रेग, साधी मोटार आण रे." तो म्हणाला, "जो, आपल्या शिपायाला गावाने एवढाही मान द्यायचा नाही का?" खरं कारण तुझ्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून निघेना. म्हणून ऐक. विलो क्रॉसिंगपर्यंत येऊ नकोस. एक थांबा आधी, एल्डनला उतर. बाबांचा जुना पिकअप घेऊन मी पेट्रोलपंपाशी उभी असेन. बाकीच्यांना काय सांगायचं ते वाटेत ठरवू. मागच्या रस्त्याने घरी नेईन, पण ती गाडी रात्री आपल्या घराजवळच्या चर्चसमोर उभी असते, आणि सकाळी ती सुरू होते त्याचं मी काही करू शकत नाही. खूप करून पाहिलं रे. एल्डनला बसचं दार उघडलं आणि तू उतरला नाहीस, तर तू निघालाच नाहीस असं समजेन, रागावणार नाही. बस तिथून हलेपर्यंत उभी राहीन, मग इकडे येऊन झेंडे धरलेल्या लोकांत, गाडीतल्या आईच्या खिडकीशी थांबेन.

तुझी बहीण,
जो