पाण्याचा अर्ज

३ सप्टेंबर, मंगळवार

आलं एकदाचं परिपत्रक! अकरा पानं. आठला माझ्या टेबलावर पडलं आणि साडेआठला खिडकीसमोर ही रांग. छावणीत बातमी कशी पसरते देव जाणे. मी अजून पहिलं पान उलटलं नव्हतं आणि मेसचा आचारी विचारतोय, "ताई, बंद झालं म्हणे सगळं?"

बंद नाही झालं. आवळलं. आत्तापर्यंत शिपायाला दरवर्षी एक प्रमाणपत्र सरकारी खर्चाने करता यायचं, आणि तेही मनाला येईल ते. गेल्या साली एकाने फोटोग्राफी केली, एकाने पोहण्याचा मास्तर होण्याचं. आता अख्ख्या नोकरीत एकच! तेही ठरलेल्या यादीतलं. नोकरी संपायच्या सहा महिने आधी शिक्षण पुरं झालं पाहिजे. आणि एकदा अर्ज केला, मग नाव मागे घेतलं, तरी तुमचा एक हक्क संपला.

दिवसभर हेच बोलत होते. घसा बसला. पण खरं सांगू? मजा आली. वर्षातून एकदा तरी या शिक्षणाच्या खिडकीला भाव येतो.

४ सप्टेंबर, बुधवार

आज स्वतःचा हिशोब केला. मे अखेर माझी पंधरा वर्षं भरतात. त्याच्या सहा महिने आधी म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे ऑक्टोबरला सुरू होणारा वर्ग सोडला तर मला दुसरा नाहीच! आजवर चारशे जणांचे अर्ज पाठवले असतील. स्वतःचा एकही नाही. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

काय करायचं ते मात्र ठरलेलं आहे. पाणी शुद्धीकरण केंद्राचा चालक. सहा आठवड्यांचा वर्ग. आमच्या गावच्या जलकेंद्रात उन्हाळ्यात एक जागा निघणार आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. हे प्रमाणपत्र असलं तर ती जागा मिळेल. नसलं तर आणखी चार वर्षांचा करार करून इथेच. चार वर्षांनी माझी लेक ठमी सतराची होईल. मग मी घरी जाऊन कोणाची वेणी घालू?

नाही. हे झालंच पाहिजे.

५ सप्टेंबर, गुरुवार

नमुना अर्ज फळ्यावर लावला. ही इथली जुनी पद्धत. नमुना नसला तर आमचे शूर वीर फॉर्मपुढे घामाघूम होतात. आणि नमुना असला की तंतोतंत उतरवतात. शिकवणच तशी आहे ना – समोरचा करतो तसं कर! एका साली मी नमुन्यात माझ्या मनाने एक जन्मतारीख टाकली होती, तर पाच जण एकाच दिवशी जन्मले.

म्हणून दरवेळी नमुन्यात महत्त्वाचे रकाने रिकामे ठेवते. आज मात्र कॅप्टन बाईंनी घाईने बोलावलं. नवा नमुना करायला वेळ कुठला? माझाच भरलेला अर्ज होता, त्याची झेरॉक्स काढली, नावावर आणि माझ्या सेवा नंबरावर कागदाची पट्टी चिकटवली आणि लावून टाकला.

माझा अर्ज गेला. देवा, बघ बाबा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नव्या नियमाने अर्ज थेट कॉम्प्युटरवर भरायचे. माझ्याकडे तपासायला येणारच नाहीत. बरंच झालं, डोक्याला ताप कमी!

९ सप्टेंबर, सोमवार

घरी फोन. सासूबाई आधी, कारण फोन त्यांच्या उशाशी असतो. "आलीस का?" – नाही हो, फोन केलाय. "मग कधी येतेस?" शनिवारी. "मागच्या शनिवारी पण असंच म्हणालीस." मागच्या शनिवारी माझी सुट्टीची पाळी नव्हती, हे त्यांना कोण समजावणार.

मग आमचे हे. शाळेची बस चालवतात, त्यामुळे यांच्याकडे रोज एक नवी गोष्ट असते. आज एका मुलाने डब्यातून बेडूक आणला होता आणि तो सुटला. बस रस्त्याच्या कडेला, बेचाळीस पोरं बाकांवर उभी आणि आमचे हे गुडघ्यांवर! हसून हसून पोट दुखलं. अर्जाचं सांगितलं. "छान केलंस," म्हणाले. एवढंच. हे कमीच बोलतात.

११ सप्टेंबर, बुधवार

कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला.

आमच्या तुकडीच्या अर्जांची यादी आली. एकतीस अर्ज. एकतीसच्या एकतीस पाणी शुद्धीकरण केंद्राचे! श्वानपथकातला हँडलर – पाणी. बँडमधला ढोलवाला – पाणी. आचारी – पाणी. सगळ्यांनी माझ्या नमुन्यातला वर्गाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवलाय. एकाने तर पत्त्यात माझ्या घराचा पत्ता लिहिलाय.

ढोलवाल्याला बोलावून विचारलं, अरे, तुला तर बेकरी शिकायची होती ना? म्हणाला, "हो ताई, पण फळ्यावर हाच नंबर होता. मला वाटलं, यंदा सरकारने हेच ठरवलंय."

हसावं की रडावं! आधी हसले. मग आकडा आठवला. जागा बारा आहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सोडत निघाली. मी प्रतीक्षा यादीत सतरावी.

यादी तीनदा वाचली. यादीत वर आहेत त्यांना, बाबांनो, नाव मागे घ्या, असं म्हणायची सोय नाही. नाव मागे घेतलं की जन्माचा हक्क संपला. आणि चूक कोणाची? पट्टी मीच चिकटवली. नाव झाकलं, क्रमांक उघडा ठेवला! आठ वर्षं इतरांना "फॉर्म नीट वाचा" म्हणून ओरडणारी मी!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कॅप्टन बाईंपुढे उभी राहिले. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण डोकं थंड. परिपत्रक चाळून म्हणाल्या, "ताई, तीस तारखेपर्यंत दुरुस्ती चालते. नाव मागे घ्यायचं नाही, फक्त क्रमांक बदलायचा. पण चूक कार्यालयाची होती असं लेखी लागेल. कोणाची तेही."

म्हणजे माझ्या सेवापुस्तकात नोंद. पंधरा वर्षं शेऱ्याचं पान कोरं ठेवलंय मी. दर साली उघडून बघते – हो, बघते! कोणाला सांगायला नको, पण त्या कोऱ्या पानाचा मला माज आहे.

"घाई नाही," कॅप्टन बाई म्हणाल्या. "सोमवारी सांगा."

१४ सप्टेंबर, शनिवार. घरी.

सगळं सांगितलं. हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. ठमीने विचारलं, "आई, मग ते कुत्रेवाले काका कुत्र्याला पाणी शुद्ध करायला शिकवणार?"

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. मी विचारलं, शेरा पडला तर काय वाटेल तुम्हाला? म्हणाले, "तुझं पान वाचायला घरात कोण बसलंय? पोरं मात्र आयुष्यभर सांगत फिरतील, ताईंमुळे माझी बेकरी गेली."

मुद्द्याचं बोलतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काल कॅप्टन बाईंना हो म्हटलं, आज पत्र दिलं. "सदर चूक माझी आहे." चार शब्द लिहायला अर्धा तास लागला. कॅप्टन बाईंनी सही केली आणि शेऱ्याच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. अक्षर सुरेख आहे त्यांचं. एवढंच समाधान.

आणि गंमत – जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी विसरूनही गेले होते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे तीन दिवस फार छान गेले! एकेकाला समोर बसवून विचारते, खरं सांग, तुला काय शिकायचंय? आठ वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पुढचा!

हँडलरला जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचंय. त्याचा कुत्रा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, त्याला घरी नेणार म्हणे, आणि म्हातारपणी त्याची नीट काळजी घ्यायची तर शिकायला हवं. बोलता बोलता खिशातून कुत्र्याचा फोटो काढून दाखवला त्याने. एवढा सहा फुटी माणूस! मी उगाच कागद शोधल्यासारखं केलं.

आचारी मात्र हटला नाही. "ताई, आता पाणी तर पाणी. वीस वर्षं आगीपुढे उभा आहे, जरा गारव्याला बसू दे."

२४ सप्टेंबर, मंगळवार

झालं! झालं! झालं!

दुरुस्त्या मंजूर. चोवीस जण आपापल्या वर्गांना गेले. पाण्याला उरलो सात. मी आत!

जागेवरच उडी मारली. खुर्ची मागे पडली. कॅप्टन बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मी पडले. मग मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि आचाऱ्याने स्वतःच्या हाताने बिस्किटं वाटली. घरी फोन केला तर हे बसवर होते. ठमी म्हणाली, "मग जूनपासून रोज घरी? रोज रोज?" हो ग बाई, रोज रोज.

या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस.

२६ सप्टेंबर, गुरुवार

एका ड्रायव्हरने विचारलं, माझ्याऐवजी माझी बायको शिकली तर चालेल का? मी ठसक्यात म्हटलं, असं कुठे असतं का! त्याने शांतपणे पान नऊ काढून दाखवलं. नोकरीचं शेवटचं वर्ष असेल तर आपला हक्क नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावे करता येतो. दुरुस्तीच्या मुदतीत.

मी पान आठच्या पुढे गेलेच नव्हते. घ्या!

दुपारी फोनवर ह्यांना गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, बघा, करायचंय का? तुम्ही पाणी सोडा, मी बिछान्यात लोळते. नेहमी हसतात. आज हसले नाहीत. म्हणाले, "नीट वाचलंस का? नवऱ्याच्याही?"

हो, म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि बेडकाच्या मुलाने आज काय आणलं ते सांगायला लागले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

त्या "बरं"ने झोपेतही पिच्छा सोडला नाही. यांचं "बरं" मी वीस वर्षं ऐकतेय. हे वेगळं होतं.

२८ सप्टेंबर, शनिवार. घरी.

सरळ विचारलं. हे बसच्या पायरीवर बसून बूट पुसत होते. आधी टाळाटाळ. मग बोलले, आणि बोलतच राहिले. मी यांना सलग इतकं बोलताना लग्नात पण ऐकलं नाही.

सासरे जलकेंद्रावर रखवालदार होते, ते मला माहीत होतं. हे लहानपणी शाळा सुटली की तिथेच असायचे, ते माहीत नव्हतं. तिथल्या चालकाने यांना हौदातला गाळ बघायला, पाण्याचा गढूळपणा मोजायला शिकवलं होतं. मोठेपणी हाच वर्ग करायचा ठरवला. तेव्हा तो वर्षभराचा होता, परगावी राहून. प्रवेश परीक्षा दिली.

"आणि नापास झालात," मी म्हटलं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. आम्ही किती चिडवलंय यावरून! मी तर नेहमीच.

"नाही ग. दुसरा आलो होतो."

"मग नापास का सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात तुझ्या भरतीचं पत्र आलं. आईची एक बाजू नुकतीच लुळी पडली होती. दोघंही कसे जाणार? पास झालो म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. म्हणून नापास झालो."

इतकं सहज म्हणाले! आणि पुन्हा बूट पुसायला लागले. मला राग आला, खूप राग आला, मी त्यांच्या हातातला ब्रश घेऊन लांब फेकला आणि मग रडले. हे आपले म्हणतात, "अग, ब्रश नवा आहे."

नंतर विचारलं, पस्तावा होतो? म्हणाले, "छे! बेचाळीस पोरं आहेत माझी. तू जा वर्गाला. मी आपलं विचारलं."

२९ सप्टेंबर, रविवार

परतीच्या बसमध्ये. काही लिहवत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

दुरुस्तीचा शेवटचा दिवस. माझ्या जागी ह्यांचं नाव घातलं. कॅप्टन बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही? जूनमध्ये काय करणार?" म्हटलं, घरी जाणार. नोकरीचं बघेन. करार मात्र वाढवत नाही.

ह्यांना फोन केला तेव्हा बस धुवत होते. सांगितलं. पलीकडून नुसता पाइपातून पाणी पडल्याचा आवाज, किती तरी वेळ. शेवटी मीच ओरडले – अहो, नळ तरी बंद करा!