सर्वांत आधी मी!

२ मार्च
'आगारातल्या माझ्या कामगार बंधूंनो! आपले दोन ड्रायव्हर एड्सनं गेले, आणि तो कसा टाळायचा हे वेळेवर सांगायला एकही साहेब इकडे फिरकला नाही!' आजच्या गेट मीटिंगची ही सुरुवात. कडाडून टाळ्या. मग दवाखान्यातल्या सिस्टरनं समजावलं : पुरुषानं सुंता करून घेतली, तर स्त्रीकडून त्याला होणाऱ्या एचआयव्हीच्या लागणीचा धोका साठेक टक्क्यांनी कमी होतो. निरोध तरीही वापरायचाच. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. मला मॅट्रिकला एवढे नव्हते.
सगळे माना खाली घालून बुटांकडे बघत होते. मी मूठ उगारून गरजलो, सर्वांत आधी मी! युनियनचा अध्यक्ष उगाच झालो का?

४ मार्च
आज जाणार होतो. शिंक आली. शिंकेनं टाका उसवतो, असं कुठंतरी वाचलंय. माझं वाचन दांडगं आहे.

५ मार्च
आगारातला वेल्डर काल परस्पर जाऊन करून आला! न विचारता! हा माणूस महिन्याकाठी एखादं वाक्य बोलतो. दुखलं का विचारलं, तर म्हणाला, सुई टोचते, बस्स. अशा माणसांमुळेच चळवळी वाढत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या पहिला तो. वैचारिकदृष्ट्या मीच.

९ मार्च
गेलो! वेटिंग रूममध्ये अत्यंत शांत बसलो. आत ट्रेमध्ये काहीतरी खणकलं. नेमकं तेव्हाच युनियनचं तातडीचं काम आठवलं, म्हणून झपझप निघालो. (कोत्या मनाचे लोक याला पळणं म्हणतील.) पायरी चुकली, मांडीत लचक भरली. फेंगडा चालत बाहेर येतो, तर समोर टपरीवर अख्खी सकाळची पाळी चहाला उभी. काय तो जल्लोष! अध्यक्ष, मानलं तुम्हाला! मी एक शब्दही खोटा बोललो नाही. बोलू देतंय कोण?

१० मार्च
माझी चाल पाहून आज सात जण दवाखान्यात गेले. क्रांती तपशिलात अडकत नसते.
बायकोच्या कानावर गेलंच. म्हणाली, अहो, तुमच्यानं होईल असं वाटलं नव्हतं हो! मग वेल्डरच्या बायकोला पथ्यं विचारून आली. सहा आठवडे नवरा-बायकोनं लांब राहायचं. माझी गादी बाहेरच्या खोलीत.

२९ मार्च
गादीत ढेकूण. संयम. थोर माणसं अशीच घडली. बायको आतून सांगते, कुशीवर वळू नका, टाका उसवेल. मी कण्हतो. कण्हणं उत्तम जमतं.

२० एप्रिल
मुदत संपली! दाढी केली, वासाचा साबण लावला, गादी गुंडाळून आत नेली. बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, सहा आठवड्यांत एकदाही पट्टी बदलली नाहीत, मी काय आंधळी आहे? दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. मग बोलली का नाहीस, असं मी बाणेदारपणे विचारलं. म्हणाली, अहो, घोरता केवढं! लग्नानंतर पहिल्यांदा धड झोपले. आता उद्या खरंच जाऊन या, नाहीतर गेट मीटिंगला भाषण मी करीन.
बाई बोलते बरी. हीच भीती.

२१ एप्रिल
झालं. खरंखुरं. वेल्डर सोबत आला होता. त्याचंच खरं निघालं : सुई टोचते, बस्स. सिस्टर म्हणाली, आगारातले तुम्ही एकोणिसावे, आता सहा आठवडे जपा. घरी आलो, तर गादी आधीच बाहेर अंथरलेली.
उद्याचं भाषण लिहिलं. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत छोटं :
बंधूंनो, मी पहिला नव्हतो, एकोणिसावा आहे. माझं ऐकत इथं उभे राहू नका. सैल पायजमा चढवा आणि आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा.