विषय क्रमांक अठ्ठावन्न

५ जाने., सोम.

सभागृह उघडलं एकदाचं. कुलपात तेल घातलं, फुंकर मारली, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. शेवटी शकुंतलाबाई शिपाई बाहेरून दगड घेऊन आल्या आणि दोन दणके दिले. आत धूळ एवढी की शिंकून शिंकून डोळे लाल.

इतकी वर्षं निवडणूकच नव्हती. सभा म्हणजे सी.ओ. साहेब, मुख्याधिकारी, एकटे, तेच प्रशासक. सूचक तेच, अनुमोदक तेच, मंजूर करणार तेच. आणि मी सभा लिपिक भोईर, इतिवृत्तात लिहायचो, ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. चर्चा साहेब मनातल्या मनात करत असतील.

आता नवे नगरसेवक आलेत. उल्हासनगरहून माईकवाला आला, कॅम्प तीनचा सिंधी. टेस्टिंग करून म्हणतो, "साईं, माईक एक नंबर है. बोलनेवाले लाओ बस." हसलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं आज.

९ जाने., शुक्र.

बांधकाम विभागाकडून सभेसाठी प्रस्ताव आले, गठ्ठाच. त्यात एक: ‘मच्छी मार्केट येथील जीर्ण ओटे निष्कासित करून बहुमजली वाहनतळ व व्यापारी संकुल उभारणे’. विक्रेत्यांचे तात्पुरते स्थलांतर, डंपिंग ग्राउंडच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत.

दोनदा वाचलं. ओटे अठरा. अकरावा बायचा.

तात्पुरते म्हणे. माझ्या नोकरीत तात्पुरतं गेलेलं कोणी परत आलेलं पाहिलं नाही. आणि तिकडे सुकट घ्यायला कोण मरायला जाणार आहे?

११ जाने., रवि.

मोरिवलीला गेलो, बायकडे. बहीण थोरली, पण आई गेल्यापासून आईच्याच वरताण ओरडते. भावोजी खाटेवर तसेच, उजवी बाजू गेलेली. केमिकल कंपनीत आयुष्य काढलं, कंपनी बंद झाली, हेही बंद झाले. घर चालतं ते ओट्यावर. बोंबील, जवळा, वाकट्या.

चहा घेता घेता सांगितलं, ओटे पाडायचं चाललंय. ती जवळा निवडत होती, हात थांबले नाहीत.

"कुणी सांगितला पारायला?"

म्हटलं, अजून कुणी नाही. सभेत यायचंय. सभा होऊ दे.

"तू हायस ना थितं? मंग मना कशाला भ्या?"

मी कारकून आहे गं बाय, म्हटलं. ती म्हणे, "सगला तूच तं लिवतस." आणि भावोजींना हसत हसत, "आमचा भाऊ नगरपालिका चालवतं." भावोजी अर्ध्या तोंडाने हसले. सोबत वाकट्यांचा पुडा दिला. रिक्षात सगळे माझ्याकडे बघत होते.

१८ जाने., रवि.

बायच्या वॉर्डातल्या नगरसेविका दर्शनाताई. नवीन, वय तिशीचं, शांत. बोलतात त्यांचे मिस्टर, दिनेशशेठ. आज त्यांचं हळदीकुंकू. बायही गेली होती. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, झाकणावर ताईंचा फोटो आणि फोटोत मागे शेठ.

बायने तिथेच विषय काढला, सगळ्या बायकांसमोर. शेठ म्हणाले, "मावशी, ओट्याला हात लावणाऱ्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल." टाळ्या पडल्या. बाय खुशीत. फोनवर मला तीनदा तेच वाक्य ऐकवलं.

२० जाने., मंगळ.

विषयपत्रिका लावायला घेतली. एकूण विषय अठ्ठावन्न.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. कुठला विषय कितवा, यात अर्धा निकाल असतो. पहिल्या पाचात टाकला तर सगळे ताजेतवाने, माईक ओढाओढी, पेपरात नाव. विसाच्या पुढे जेवणाची आठवण. आणि अगदी शेवटी टाकला तर तिथवर कोणी पोचतच नाही. पूर्वीच्या बॉडीत मी नऊ वर्षं सभा लिहिल्या, दहाव्या-बाराव्या विषयाला कोणीतरी उठून टेबलावर चढायचं, कागद फाडायचे, सभा तहकूब. उरलेले विषय पुढच्या सभेला. तिथून पुढच्या.

मच्छी मार्केट अठ्ठावन्नला टाकलं. सगळ्यात खाली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "दर्शनाताई विरोध करणार आहेत ना? मग वरच ठेवा की, बोलू देत." बायकांना सभा माहीत नाहीत, असं बोलून गेलो. ताट माझ्यापुढे सरकवून आत निघून गेली.

२३ जाने., शुक्र.

ओ.एस. मॅडम, आमच्या कार्यालय अधीक्षक, म्हणाल्या, "भोईर, एवढा मोठा प्रकल्प तळाला कसा?" म्हटलं, आवक नंबरप्रमाणे लावलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. आवक नंबर चौथा आहे त्याचा. त्यांना माहीत असणार.

नोटिसा गेल्या सगळ्यांना. शकुंतलाबाई घरोघर फिरून पोच घेऊन आल्या. एका घरी कुत्रा मागे लागला.

३० जाने., शुक्र.

सभा झाली. एकोणीस मिनिटं.

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

सभागृह भरलं होतं. फेटे, हार, पोरंबाळं, मोबाईलवर शूटिंग. अभिनंदनाचा ठराव, श्रद्धांजली, दोन मिनिटं उभं राहणं. विषय १ ते ६ वाचले, मंजूर मंजूर मंजूर. मी म्हटलं आता होईल सुरू. सातव्याला मागच्या बाकावरून एक जण उठला, मला वाटलं चढतोय टेबलावर. तो म्हणाला, "अध्यक्ष महोदय, सगळे विषय शहराच्या विकासाचे आहेत. वेळ कशाला घालवायचा? सात ते अठ्ठावन्न एकमताने मंजूर करावेत."

बाकं वाजली. विरोधी बाजूनेही वाजवली.

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, माईक हातात. "साहेब, विषय वाचून..." एवढंच. अध्यक्षांनी हात केला, बसा. बसलो.

दर्शनाताई समोरच होत्या. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. शेठ प्रेक्षकांत बसले होते, ते मोबाईलमध्ये. ताईंनी बाक वाजवलं. हळू वाजवलं.

जेवण ठाण्याच्या केटररचं होतं. गुलाबजाम खाल्ला मी. का खाल्ला कळत नाही.

३१ जाने., शनि.

सुट्टी. बाहेर पडलो नाही. बायचे दोन फोन. ही म्हणाली, उचला. उचलला नाही.

मीच केलं हे. चौथ्या नंबरला असता तर निदान वाचला तरी गेला असता. कोणीतरी ‘मच्छी मार्केट’ हा शब्द मोठ्याने ऐकला असता. मी शहाणपणा केला. सत्तावीस वर्षांची नोकरी आणि हा शहाणपणा.

हिने चहा ठेवला समोर. ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रु., सोम.

इतिवृत्त लिहायला बसलो. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लागतो. सात ते अठ्ठावन्न कोणीच वेगवेगळे मांडले नाहीत, मागच्या बाकावरच्याच्या एका वाक्यात सगळे गेले, आणि एकच नाव बावन्न ठरावांना चालत नाही. ओ.एस. मॅडमना विचारलं. "नावं वाटून टाका, भोईर. सगळ्यांना सारखी. कोणी रुसायला नको."

वाटली. गटाराचं काम ह्याला, दिवे त्याला. कोणाला दोन जास्त गेली तर परत काढली. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न भरले.

अठ्ठावन्नाखाली हात चालेना. उद्या बघू.

४ फेब्रु., बुध.

दिनेशशेठना फोन केला. म्हटलं, मार्केटच्या ठरावाला सूचक कोणाला दाखवू?

"अरे भोईरभाऊ, टाका ना कोणाचं पण."

म्हटलं, वॉर्ड ताईंचा आहे. रीत आहे, वॉर्डातल्या सभासदाचं नाव.

एकदम आवाज बदलला. "ताईंचं नको हां. वॉर्डात चुकीचा मेसेज जातो."

म्हटलं, शेठ, मग विरोध नोंदवा ना. अजून लेखी देता येईल. मी स्वतः घ्यायला येतो.

"भाऊ, वरून आलेला विषय आहे. समजून घ्या. मावशींना मी सांगतो समजावून."

नाही सांगितलं त्यांनी. मला माहीत आहे, नाही सांगणार.

६ फेब्रु., शुक्र.

बाय ऑफिसात आली. पहिल्यांदा. बरोबर मार्केटच्या सात-आठ जणी, पाट्या खाली जिन्यापाशी ठेवून. जिन्यात वास सुटला, टॅक्सवाल्यांनी खिडक्या उघडल्या. दोघांनी बोंबील विकतही घेतले.

मार्केटमध्ये माणसं येऊन ओट्यांवर लाल रंगाने नंबर टाकून गेली म्हणे. बायने विचारलं कशाला, तर ते म्हणाले, सभेत मंजूर झालाय.

माझ्या टेबलासमोर उभी. बस म्हटलं तर बसली नाही.

"झाला का रं मंजूर?"

झाला.

"कुणी सांगितला पारायला? नाव दे मना त्याचं. मी जातंय त्याच्या घरी. इचारतंय त्याला, माजा घरधनी खाटेवं हाय, मी थितं कचऱ्यान बसून काय इकू?"

सगळा विभाग बघत होता. मी म्हटलं, रेकॉर्ड बघून सांगतो. रेकॉर्ड माझ्याच कोपराखाली होतं.

आयुष्यात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. पोरपणीही बोललो नव्हतो, मार खायचो पण खरं सांगायचो.

"बग," म्हणाली, "मी सोमवारी येतंय." जाताना शकुंतलाबाईंना मूठभर जवळा दिला.

१० फेब्रु., मंगळ.

काल बाय आली होती, मी साइटवर गेलोय असं शकुंतलाबाईंना सांगायला लावलं. आत रेकॉर्ड रूममध्ये उभा होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, कपाटामागे. शी.

आज अठ्ठावन्नाखाली खरं तेच लिहिलं. ‘सदर विषयाचे वाचन झाले नाही. चर्चा झाली नाही. सूचक नाही. अनुमोदक नाही.’ अक्षर चांगलं आलं.

तासाभरात ओ.एस. मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. "हे काय आहे?"

जे झालं ते, मॅडम.

"मग सातपासून सगळ्यांना असंच लिहावं लागेल. बावन्न विषय. लिहिणार आहात?"

मुद्दा बरोबर आहे त्यांचा. बाकीच्या एक्कावन्नांखाली मीच खोटी नावं घातलीत.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बहीण आहे तुमची, मला माहितीये. म्हणूनच सांगते. उद्या चौकशी लागली तर पहिला प्रश्न, कारकुनाचे हितसंबंध. रिटायरमेंट जवळ आलीय. पान बदला." वाईट नाही ती बाई. असती तर भांडता आलं असतं.

१२ फेब्रु., गुरु.

ऑफिसातून थेट मोरिवली. सगळं सांगितलं बायला. विषय सगळ्यात खाली मीच टाकला, तेही सांगितलं. वाटलं आता फोडणार मला.

ती भावोजींना भरवत होती. त्यांचं तोंड पुसलं, ताट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे कुणी बोल्लाच नाय?"

नाय.

"एक पण नाय? ती दर्शनी?"

नाय.

"मंग ह्या पारतंय कोण?"

भावोजी बघत होते माझ्याकडे, डोळ्यांत पाणी, पण त्यांच्या डोळ्यांत ते नेहमीच असतं.

बाय उठली. मला भात वाढला, वर कालवण. "खा. वालला तू." जेवलो. ती समोर बसून पदराने वारा घालत राहिली, फेब्रुवारीत. एकदाच म्हणाली, "मना वाटला तू हायस थितं."

रडलो. घरी येईस्तोवर रिक्षात रडलो.

१६ फेब्रु., सोम.

काल महाशिवरात्र. मार्केट तसंही बंद. आज बाय बसली ओट्यावर, जाताना लांबून बघितलं. अकराचा लाल आकडा तिने घासून घासून फिकट केलाय, गेलेला नाही.

ऑफिसात टेबलावर अठ्ठावन्नाचं पान. मॅडमनी नवीन टाईप करून ठेवलंय, बाकी सगळं भरलेलं, ‘चर्चेअंती’ सकट. फक्त दोन जागा रिकाम्या. सूचक. अनुमोदक. आज दिवसभरात नऊ जणांना फोन केले. एकानेही ठराव वाईट म्हटला नाही. एकानेही स्वतःचं नाव टाका म्हटलं नाही. एक तर म्हणाला, "भोईर, त्या मागच्या बाकावरच्याचं टाका, तो फोन उचलत नाही." त्यालाही लावला. नाही उचलला.

नाव नसेल तर ठराव अपुरा. अपुरा ठराव पुढच्या सभेत कायम करता येत नाही, म्हणजे ओटेही पाडता येत नाहीत. हे मॅडमना माहीत आहे, मलाही. सभा सत्तावीसला.

सहाला मॅडम निघाल्या. दारात थांबून, "उद्या सकाळी मला पूर्ण पाहिजे हं." मी हो म्हटलं. पेन उघडलं, बंद केलं. सहा चाळीसपर्यंत बसलो. शकुंतलाबाई झाडू घेऊन दोनदा डोकावून गेल्या.

काही लिहिलं नाही. पान तसंच रजिस्टरमध्ये घातलं, रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप.

किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी ओ.एस. मॅडमकडे असते.