आप्पांचा वर्ग माझ्याकडे आला

देवास, मंगळवार, जुलै १९५१

आप्पा मास्तरांची बदली सरदारपूरला झाली. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा त्यांचा वर्ग आजपासून माझा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, अब आप ही सम्हालो." मी नुसती मान हलवली. घाबरले की मी 'क'वर अडखळते, हे फक्त आप्पांना ठाऊक. मग त्यांनी माझंच नाव का सुचवलं?

दुपारी सात वर्षांची कुसुम समोर बसली. आप्पा करायचे तसा तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला, म्हणजे आवाज तिच्या हाताला कळतो. तिचंच नाव घ्यायचं होतं. 'क'वर अडकले. दोनदा, तीनदा. कसंबसं "कुसुम" निघालं. तिने हात स्वतःच्या गळ्यावर नेला आणि आनंदाने म्हणाली, "क... क... क... कुसुम!"

पोरीला माझं अडखळणंच लागलं तर?

तडक आप्पांच्या घरी गेले. सामान बांधता बांधता त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "अगं, कालपर्यंत ती स्वतःचं नाव 'उसुम' म्हणायची. तिचा 'क' आज पहिल्यांदा निघाला."

मला रडूच फुटलं. पण जास्तीचे 'क' तिच्या तोंडून आता काढायचे कुणी? आप्पा तर सकाळच्या मोटारीने चालले.